पिकअप न बदलता आवाज बदलून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत म्हणून हे पत्र. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या फिरवायच्या बटणांखालचे भाग), कंडेन्सर आणि वायरचे तेवढे पैसे घेतलेत, "बाकीचं नंतर बघू" म्हणालात, आणि ते नंतर काही आलं नाही. चारचौघांत लिहितेय कारण माझ्या गिटारचा आवाज कोंदायचा, शिट्टी मारायचा, आणि हीच तक्रार हमबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) असलेली गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच पोरापोरींची असते, आणि त्यांना जिथं जातील तिथं एकच उत्तर मिळतं: पिकअप बदला, बाहेरचे मागवा. मलाही तेच मिळालं होतं. एका दुकानात तर गिटार पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच.

तुम्हाला आठवत असेल, मी आले होते ती अ‍ॅम्प घेऊन. नाशिकच्या भद्रकालीतल्या त्या बोळात, गणपती मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर छतापर्यंत रचलेल्या तुमच्या दुकानात, पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही अ‍ॅम्प उघडलात, तपासलात, बंद केलात. "ह्यात काही नाही. ताई, वाद्य कुठंय?"

दुसऱ्या दिवशी गिटार आणली. सेकंडहँड, लेस पॉलच्या धाटणीची, दोन हमबकरची. लक्षणं मी एका दमात सांगितली होती. नेक पिकअपवर, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या, जाड तारा वाजवल्या की सगळं कोंदून जायचं, कॉर्डमधले स्वर सुटे ऐकूच यायचे नाहीत. व्हॉल्यूम जरा खाली घेतला की उरलीसुरली धारही जायची. स्विच मध्ये ठेवला, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र केले, की आवाज एकदम बारीक, नाकातून बोलल्यासारखा. आणि अ‍ॅम्पचा गेन वाढवला की ब्रिजचा, म्हणजे तारा जिथं खाली टेकतात तिथला, पिकअप शिट्टी मारायचा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे चार वेगळे रोग आहेत. एकाच गोळीनं कसे जातील?"

इलेक्ट्रिक गिटार तुम्ही त्याआधी कधी उघडली नव्हती. पण मी कागदावर हमबकरची आकृती काढली, शेजारी शेजारी दोन कॉइल, खाली एक चुंबक, एका कॉइलचे वेढे दुसरीच्या उलटे आणि चुंबकाचं टोकही उलटं, तेव्हा तुमचा चेहरा असा खुलला की मी गप्पच बसले. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत स्पीकरला हम मारायला एक उलटी कॉइल असायची, ते तुम्ही सांगितलंत. बाहेरची घरघर दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते पण उलटी जोडली जाते म्हणून एकमेकींना खाते. तारेचा आवाज मात्र चुंबकही उलटा असल्यामुळे दोन्हीकडून मिळून येतो. आपल्याकडे ५० हर्ट्झची घरघर, अमेरिकेत ६० ची, युक्ती तीच.

त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहिलं ते इथं सांगते, कारण तुम्हाला आवडेल. लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सन कंपनीत हा पिकअप ज्यांनी बनवला ते सेथ लव्हर मुळात तुमच्याच जातकुळीचे, अ‍ॅम्प्लिफायरचे माणूस. अ‍ॅम्पच्या चोकमधला (वीजपुरवठ्यातल्या कॉइलमधला) हम मारायची कल्पना त्यांनी पिकअपमध्ये आणली. १९५५ साली पेटंटचा अर्ज केला आणि मंजुरी १९५९ मध्ये मिळाली. मधल्या काळात पिकअपच्या खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवायचे. त्या चिठ्ठीवाले पिकअप आज लोक सोन्याच्या भावानं घेतात. गंमत पुढेच आहे. नंतरच्या चिठ्ठ्यांवर कंपनीनं जो पेटंट क्रमांक छापला तो पिकअपचा नव्हताच, तारा अडकवायच्या टेलपीसचा होता! तुमचं ते "नंबर कशाचा लावलाय ते आधी बघ" इथंही लागू पडतं.

तर मोजणी. हे मला सविस्तर लिहायचंय, कारण इतकी वर्षं वाजवूनही हे असं कुणी करताना मी पाहिलं नव्हतं. तुम्ही आधी दोन्ही पिकअपच्या वायरी सोडवल्यात आणि मीटर लावलात. ब्रिज ८.२ किलोओहम, नेक ७.६. "तार तुटलेली नाही, वेढे शॉर्ट नाहीत. हे दोघं निर्दोष." मी म्हटलं, लोक ह्या आकड्यावरूनच पिकअप दमदार की मिळमिळीत ते ठरवतात. तुम्ही म्हणालात, तारेचा रोध म्हणजे आवाज नव्हे. तार जराशी बारीक घेतली तरी हा आकडा वाढतो. मग दुसरं यंत्र काढून इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल किती अडवते ते) मोजलात, साधारण साडेचार हेन्री, आणि तो आकडा बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवलात.

मग पॉट. पहिल्याच पॉटच्या पाठीवर 'बी २५० के' असा शिक्का. आधीच्या मालकाच्या मेकॅनिकनं जे हाताला लागलं ते बसवलेलं दिसत होतं. हमबकरला ५०० किलोओहमचे पॉट लावायचा रिवाज आहे एवढं मला ठाऊक होतं, का लावायचे ते तुम्ही समजावलंत. व्हॉल्यूम आणि टोन हे दोन्ही पॉट पिकअपच्या डोक्यावर भार म्हणून बसतात. दोन्ही ५०० चे असले तर मिळून २५० चा भार, दोन्ही २५० चे असले तर १२५ चा. भार जड झाला की पिकअपच्या आवाजाचं जे वरचं शिखर असतं, ज्यामुळे तार 'टणत्' वाजते, ते बसतं. शिवाय 'बी' म्हणजे सरळ चढणारा पॉट. कानाला व्हॉल्यूम सारखा चढल्यासारखा वाटायचा तर 'ए' हवा. नवे पॉट तुम्ही डबीतून सात-आठ काढलेत आणि एकेक मोजलात. शिक्का सगळ्यांवर ५०० चा, आत कुठे ४३०, कुठे ५२०. जास्तवाले दोन व्हॉल्यूमला, बाकीचे टोनला. हे नखरे वाटतील कुणाला. मला नाही वाटत.

कंडेन्सर हिरवा होता, ४७३ लिहिलेला, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. त्या जागी २२३ चा, ०.०२२ चा घातलात. मी विचारलं होतं की तेलकागदाचे जुने, महागडे कंडेन्सर लावले तर आवाज गोड होतो म्हणतात, ते आणू का? तुम्ही हसलात फक्त. मग सांगितलंत की टोन पूर्ण उघडा असताना ह्या कंडेन्सरनं फार काही घडत नाही, टोन बंद करत नेला की किती काळोख होणार ते त्याच्या किमतीवर ठरतं, आणि किंमत म्हणजे मायक्रोफॅरड, रुपये नव्हेत. तेवढ्यावर माझे हजार-दीड हजार वाचले. जोडणीत एक बदलही केलात, टोनची वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायावर नेलीत. पन्नासच्या दशकातल्या गिटारींत अशीच असायची असं मी तुम्हाला दाखवलं, तुम्ही आकृती बघून "बरोबर आहे, करू" म्हणालात. आता व्हॉल्यूम खाली घेतला तरी धार राहते. गाण्याच्या कडव्यात पाचवर, धृपदाला दहावर, पायाखालचं पेडल न दाबता. ज्यांच्याकडे चार पॉटची गिटार आहे त्यांनी दुसरं काही नाही तर एवढं तरी करून बघावं.

पण मला जे विसरता येत नाही ते काट्याच्या मीटरचं. स्विच मध्ये ठेवल्यावर आवाज नाकात का जातो ते शोधायला तुम्ही डिजिटल मीटर बाजूला सारलात आणि काट्याचा जुना मीटर पुसून घेतलात. सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवून तो ब्रिजच्या पिकअपला जोडलात, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर पिकअपच्या स्क्रूवर टेकवलात आणि झटकन उचललात. काटा उजवीकडे उडाला. नेकच्या पिकअपला तसंच. काटा डावीकडे! तुम्ही काही बोलला नाहीत, मीच ओरडले. दोन्ही पिकअप एकमेकांविरुद्ध जोडलेले होते, एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, म्हणून मधल्या जागी खालचे स्वर कापले जाऊन नुसतं नाक उरत होतं. नेकच्या पिकअपला चार वायरी आणि एक उघडी तार होती. रंगांवर विश्वास ठेवू नकोस, प्रत्येक कंपनीचे वेगळे, असं म्हणत तुम्ही कुठली जोडी कुठल्या कॉइलची ते मीटरनं काढलंत, दोन टोकं फिरवलीत, उघडी तार अर्थलाच ठेवलीत. परत स्क्रू ड्रायव्हर. दोन्ही काटे उजवीकडे. ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात तुम्ही काय काय मोजत होता ते तुम्ही कधी सांगत नाही, पण त्या वेळी थोडंफार कळलं.

शिट्टीचा इलाज काकूंच्या स्वयंपाकघरात झाला आणि त्याबद्दल काकूंची वेगळी माफी मागायला हवी. कॉइलचे वेढे आत सैल असतील तर मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो. म्हणून मेण पाजायचं. पॅराफिन जास्त, मधमाशीचं मेण थोडं, एका पातेल्यात, ते पातेलं गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात. थर्मामीटर ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कॉइलचा प्लॅस्टिकचा साचाच वाकडा होतो. पिकअप आत सोडला तसे बारीक बुडबुडे निघायला लागले, भजी तळताना येतात तसे पण अगदी सावकाश. "बुडबुडे थांबले की हवा संपली, हवा संपली की काम झालं." तुम्ही स्टुलावर बसून राहिलात, मी गॅसची आच कमीजास्त करत उभी. दारातून काकू बघत होत्या, आणि त्यांची नजर पिकअपवर नव्हती, पातेल्यावर होती. ही गोष्ट घरी एकट्यानं, थेट आचेवर कुणी करू नये, मेण पेट घेतं.

उंचीचं थोडक्यात. शेवटच्या पट्टीवर तार दाबून तुम्ही तार आणि पिकअप यांच्यामध्ये फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घातलात, ब्रिजला १.६ मिलिमीटर, नेकला २.४, आणि म्हणालात, इथून पुढं तुझा कान. नेकपाशी तार जास्त झुलते म्हणून तो पिकअप मुळातच जोरात वाजतो. तो मी आणखी थोडा खाली घेतला आणि कॉर्डमधले सहाही स्वर मोकळे झाले. ह्याला एक पैसा लागत नाही, एक स्क्रू ड्रायव्हर लागतो. नवा पिकअप मागवायच्या आधी हे करून बघायला कुणी का सांगत नाही, हे मला कळलेलं नाही. म्हणजे कळलंय.

आणि केबल. माझ्या सहा मीटरच्या केबलची कपॅसिटन्स तुम्ही मोजलीत, ६०० पिकोफॅरड; केबलही कंडेन्सरसारखी वागते. पिकअपचे आणि आतल्या वायरींचे १२० धरलेत, बिलाच्या पाठीमागचे ते साडेचार हेन्री घेतलेत आणि आकडेमोड केलीत: शिखर सुमारे २८०० हर्ट्झवर. तीन मीटरची त्याच जातीची केबल लावली तर सुमारे ३६५० वर. मग खरोखरच लावून दाखवलीत. मी डोळे मिटून ओळखलं, पुन्हा पुन्हा. ते बिल माझ्या गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात आहे, तुम्हाला हिशेबाला लागलं तर सांगा.

एक जागा अशी होती जिथं मी हट्ट धरला आणि तुम्ही ऐकलंत, त्याचेही आभार. मला पातळ, सिंगल कॉइलसारखा आवाजही हवा होता. तुमचं म्हणणं, एक कॉइल बंद केली की हम परत आलाच, मग एवढा खटाटोप कशासाठी. शेवटी तुम्हीच तोड काढलीत: ओढायच्या पॉटवर दोन्ही कॉइल सिरीजऐवजी पॅरलल. आवाज हलका आणि उजळ होतो, घरघर मात्र मेलेलीच राहते. हुबेहूब सिंगल कॉइल नाही वाटत, खरं सांगते. पण प्रॅक्टिसच्या खोलीतल्या त्या जुन्या ट्यूबलाइटखाली मला हाच हवा.

आता कामाचं. काकूंसाठी भांडी बाजारातून एक पातेलं घेतलंय, जाड बुडाचं. मेणाचं जुनं तुमच्याकडेच राहू द्या, लागणार आहे. आमच्या बँडमधला बेसवाला तुम्हाला भेटायचं म्हणतोय. त्याचा घोळ उलटा आहे: सगळ्यांची घरघर तारांना हात लावला की कमी होते, ह्याची वाढते. मला जॅकच्या वायरी उलट्या लागल्याचा संशय आहे, पण मोजल्याशिवाय बोलत नाही. रविवारी सकाळी दुकान उघडं असेल तर त्याला घेऊन येते. नसेल तर काकूंना फोन करून ठेवते.

आपली,
लेस पॉलवाली ताई