फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लग्नानंतर लगेच मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळाच्या मेंदूचा विषय निघाला की घरोघरी बदाम-तुपाची आणि शेवटच्या तीन महिन्यांची चर्चा होते. प्रत्यक्षात मेंदू व मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंचा दोर) यांची मांडणी अनेक जणींना दिवस गेल्याची खात्री होण्याआधीच झालेली असते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींचा चपटा पट्टा तयार होतो, त्याच्या कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींना भिडतात आणि त्यातून चेतानलिका, म्हणजे मेंदू व मेरुरज्जूची पहिली नळी, बनते. ती साधारण २८व्या दिवसापर्यंत, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत, पूर्ण मिटावी लागते. तिच्याच भिंतीतील पेशी पुढे विभागत, सरकत चेतापेशी होतात. त्यांना वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या) व अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा लांब धागा) फुटतात. कमरेतून पायाच्या बोटांकडे जाणारा एकाच पेशीचा अक्षतंतू प्रौढ माणसात जवळपास मीटरभर भरतो. नलिका खाली उघडी राहिली, तर याच वाटेवरचे संदेश तुटतात: पायांत बळ राहत नाही, लघवीवर ताबा राहत नाही. वरचे टोक उघडे राहिले, तर बाळ जगतच नाही.

विभागणाऱ्या पेशींना डीएनए घडवण्यासाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते; फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप. नलिका उघडी राहिलेले बाळ आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिल्यास धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ मध्येच दाखवले. या जीवनसत्त्वाचा पहिला माग तर आपल्या मुंबईत लागला. ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून येथील गरोदर स्त्रियांच्या, त्यातही गिरणी कामगारांच्या, पंडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे सिद्ध केले.

तरीही तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवणाऱ्या बाईच्या हाती पहिली गोळी पडते, तेव्हा रक्तासाठी तिचा उपयोग होतो, पण नलिकेची वेळ टळलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मूल हवे असे ठरल्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणून विवाह नोंदणीच्या वेळी ही माहिती लेखी द्यावी आणि आशा सेविकांनी नवविवाहितांच्या घरी गोळ्या पोहोचवाव्यात, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या आधीच्या बाळात हा दोष होता, त्यांना बरीच मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनी त्यांच्या डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा