डुलणारं गिरमिट सरळ करून देणाऱ्या भोसरीच्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

बॅटरीवर चालणारं आमचं खड्डे घ्यायचं गिरमिट आता डुलत नाही, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्याआधी झाडांसाठी खड्डे घेणारे बरेच गट आहेत, आणि मशीन थरथरायला लागलं की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: गिअरबॉक्स बदला. आम्हालाही एका ठिकाणी तोच मिळाला होता. तुम्ही गिअरबॉक्स उघडलासुद्धा नाही. आधी दोष कुठे आहे ते ठरवलंत, पाना नंतर हातात घेतलात. आभार मुख्यतः त्या क्रमाचे आहेत.

पहिलं काम, बॅटरी काढून बाजूला ठेवणं. विजेची मोटर सुरू होताक्षणी पूर्ण जोर लावते. पेट्रोलच्या मशीनला क्लच धरेपर्यंत तरी उसंत असते, इथे चुकून खटका दाबला गेला तर मनगटच जायचं. दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात: हवेत डुलतं की मातीत? मोकळं फिरताना सरळ आणि मातीत शिरल्यावर हलतं, तर दोष पात्यांचा किंवा टोकाचा, नाहीतर खाली दगड आहे. हवेतच डुलत असेल तर तीन जागा उरतात: मशीनचा शाफ्ट (मशीनमधून बाहेर येणारा फिरता गज), गिरमिटाचा दांडा आणि दोघांना जोडणारा सॉकेट, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाची नळी, जिच्यात शाफ्ट शिरतो.

या तिघांतला चोर पकडायची तुमची युक्ती प्रत्येक गटाने शिकून घ्यावी. मशीन आडवं घट्ट बांधायचं. शाफ्टवर खडूने एक खूण करायची. गिरमिटाच्या टोकाजवळ एक स्थिर खिळा उभा करायचा आणि हाताने सावकाश एक फेरा द्यायचा. टोक खिळ्याच्या सगळ्यात जवळ येतं तेव्हा शाफ्टवरची खूण कुठे आहे ते पाहायचं. मग सॉकेट आणि शाफ्ट जोडणारा बोल्ट काढून गिरमिट अर्धा फेरा फिरवून परत बसवायचं. बोल्टचं भोक आरपार असल्यामुळे ते दोन्ही बाजूंनी बसतं. पुन्हा फेरा. आता टोक जवळ येताना खूण बरोबर उलट बाजूला गेली, तर वाकलंय ते गिरमिट. खूण पहिल्याच जागी राहिली, तर शाफ्ट वाकलाय. आणि टोक हाताने ढकलावं तिकडे जाऊन राहत असेल, दर वेळी वेगळं उत्तर येत असेल, तर जोड सैल आहे. शाफ्ट नुसता हाताने वरखाली हलवून बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाईही, तेव्हाच पाहून घ्यायचा. ना डायल (बारीक हेलकावा मोजणारं घड्याळी माप) लागतो, ना लेथ.

आमच्या मशीनमध्ये मुख्य दोष जोडाचा निघाला, आणि थोडा दांड्याचाही. सॉकेटमधला फरक बोटाला जेमतेम जाणवत होता. एवढ्याशा ढिलाईने एवढं डुलतं कसं, याचा हिशेब तुम्ही तिथेच एका ड्रॉइंगच्या कागदामागे मांडलात. शाफ्ट 20 मिलिमीटरचा, सॉकेटचं बोअर, म्हणजे आतलं भोक, 20.3 चं, शाफ्ट आत शिरतो 50 मिलिमीटर. म्हणजे 50 ला 0.3. गिरमिटाची लांबी 800, तेव्हा टोकाला 4.8 मिलिमीटर. वर कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी फट आणि खाली जवळजवळ पाच मिलिमीटरचा हेलकावा. एक्स्टेंशन, म्हणजे लांबी वाढवणारा जोडदांडा, लावलं की आणखी वाढणार, शिवाय एक्स्टेंशनचा स्वतःचा जोड वेगळाच.

सॉकेट सैल का होतो तेही तुम्ही दाखवलंत. आम्ही वापरत होतो तो बोल्ट टोकापर्यंत आटे पाडलेला होता. आटे भोकाच्या कडेवर करवतीसारखे घासतात, भोक लंबगोल होतं आणि मग प्रत्येक धक्क्याला जोड ठोके खातो. भोकात बोल्टचा गुळगुळीत भागच बसला पाहिजे, आटे बाहेर, त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा). मात्र ‘मजबूत हवा’ म्हणून वाटेल तो हाय-टेन्साइल (जास्त ताकदीचा, कडक) बोल्ट घालायचा नाही, हे इथे ठळकपणे नोंदवतो. काही मशीनमध्ये दगडाला अडकल्यावर आधी तुटावा म्हणूनच बोल्ट नरम दिलेला असतो. तिथे कडक बोल्ट घातला की बोल्ट वाचतो आणि आतला गिअर जातो. मशीनच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचाच घ्यावा.

दुरुस्ती म्हणून सॉकेटमध्ये बुश, म्हणजे पातळ नळी, ठोकून भागलं असतं, पण तुम्ही जुना सॉकेट कापून ईएन-8 या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या गजातून नवा केलात. 60 मिलिमीटर खोल, बोअर हाताने दाबून शाफ्ट जाईल पण हलणार नाही इतकाच. वेल्डिंगआधी लेथच्या चकमध्ये 20 मिलिमीटरचा डमी गज धरलात, त्यावर सॉकेट आणि गिरमिट चढवलंत, दुसऱ्या टोकाला डायल लावलात. आधी समोरासमोर वेल्डिंगचे चार छोटे टाके (टॅक), मग परत डायल, मग थोडं थोडं, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला. एका बाजूने सलग वेल्ड मारला असता तर थंड होताना दांडा तिकडे ओढला गेला असता, आणि नवा सॉकेट घालूनही डुलणं कायम. वाकलेला दांडा तुम्ही हातोड्याने ठोकला नाहीत. दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून प्रेसखाली जरा जास्तच दाबायचा, सोडल्यावर तो थोडा मागे येतोच, मग डायल, मग परत. टोकाला दीड-दोन मिलिमीटर राहिलं तेव्हा ‘मातीला एवढं चालतं’ म्हणून थांबलात. कुठे थांबायचं हे माहीत असणं हाही कारागिरीचाच भाग.

पात्यांचं आम्ही आता स्वतः पाहतो. दोन्ही पात्यांची टोकं मधल्या टोकापासून सारख्याच उंचीवर हवीत. मिलिमीटरहून जास्त फरक पडला की सगळं काम एकच पातं करतं आणि गिरमिटाला एका बाजूला ढकलतं. म्हणून पाती जोडीनेच बदलायची आणि धार दोन्हींना एकाच कोनात. कॅनडा-फिनलंडकडे गोठलेल्या तळ्यात मासे धरायला भोकं पाडतात त्या गिरमिटांचंही असंच असतं. तिथली पाती वस्तऱ्यासारखी, मातीला लागली की संपली, पण डुलण्याची कारणं हीच. शिवाय तिथे पात्यावर बर्फ गोठून बसतो, तसा आपल्याकडे काळ्या मातीचा गोळा. तो काढल्याशिवाय तपासणी करण्यात अर्थ नाही.

टेकडीवर मुरमाखाली कातळ लागला की थांबायचं, पहारेने अंदाज घ्यायचा. बेसॉल्टवर हे गिरमिट चालवणं म्हणजे पुन्हा तुमच्याकडे यायची तयारी. सुरुवातीला टोक मातीत रुतेपर्यंत अर्ध्याच वेगाने चालवतो. डुलणं गेल्यापासून मोटर पूर्वीइतकी तापत नाही, बॅटरीही जास्त वेळ पुरते. भोकाच्या भिंती घासण्यात जाणारी ताकद वाचली.

सहा इंची गिरमिटाचा सॉकेटही आता थोडा वाजायला लागलाय. गुरुवार तुमची सुट्टी, तेव्हा शुक्रवारी सकाळी घेऊन येतो. शाफ्टचं माप मायक्रोमीटरने घेऊन ठेवलं आहे, 19.97. बोअर त्यावर धरावा.

आपले,
टेकडीवर खड्डे घेणारे आम्ही सगळे