चराईचे रान राखणाऱ्यालाही मोबदला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या तालुक्यांत नंद गवळी समाजाने आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जोपासलेली गवळाऊ गाय ज्या गवतावर वाढली, ते गवताचे रानच आता हातचे जात आहे. वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतात, त्या गायरान जमिनीला गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या निकालाचा निदान आधार तरी आहे. परंतु खासगी मालकीच्या ज्या बरड, मुरमाड पडितात पीक येत नाही आणि पवन्या, मारवेल हे गवत मात्र जोमाने येते, त्या रानाला कसलेच संरक्षण नाही.

आमच्या गावाला लागून असलेले असे एक रान गेल्या उन्हाळ्यात विकले गेले. आज तिथे लेआउटचे दगड रोवलेले आहेत आणि गायकी (गुराखी) कळप घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेने फिरतो. मी विकणाऱ्याला दोष देत नाही. गवत राखल्याबद्दल त्याला कोणी एक रुपयाही देत नव्हते. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून कडबाही मिळेनासा झाला आहे, आणि सोयाबीनच्या नुसत्या कुटारावर (भुशावर) जनावर धरत नाही.

अमेरिकेत २०१४ च्या कृषी कायद्याने यावर एक मार्ग काढला आहे. पशुपालक आपल्या कुरणावर बांधकाम करण्याचा हक्क कायमचा सोडतो आणि त्या हक्काच्या बाजारमूल्याच्या निम्म्यापर्यंत, विशेष महत्त्वाच्या गवताळ जमिनीसाठी पाऊण हिश्शापर्यंत, रक्कम केंद्र सरकार देते. जमीन त्याचीच राहते, गुरे चरत राहतात, तो ती विकूही शकतो. मात्र ती अट नव्या मालकालाही लागू होते.

आपल्याकडे कायमच्या अटीला शेतकरी बिचकेल, आणि ते रास्तच आहे, कारण सातबाऱ्यावर एकदा चढलेली नोंद उतरवताना काय हाल होतात हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून वीस वर्षांचा स्वेच्छेचा करार करावा, त्याची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी, मोबदला दरवर्षी थेट खात्यात द्यावा आणि पावसाळ्यात गवताचे बी पडेपर्यंत चराई बंद ठेवण्याची देखरेख ग्रामसभेकडे सोपवावी. पैसा कोठून आणायचा, असे कोणी विचारील. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी घेतलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडे देण्याची तरतूद झालीच आहे. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. पण पॅनेलखालच्या जमिनीचे भाडे ठरू शकते, तर गुरांच्या पायाखालच्या जमिनीचेही, त्याहून कितीतरी कमी का होईना, ठरायला हवे.

शासनाने या तीन तालुक्यांपासून प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात करावी, ही विनंती. आमच्या धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) अजून सहा एकर गवत उभे आहे. त्याच्या मालकाकडे ग्राहक दोनदा येऊन गेले आहेत; त्याने अद्याप होकार दिलेला नाही.

आपला,
एक पशुपालक शेतकरी,
ता. आर्वी, जि. वर्धा