पांढरी चारचं दुखणं

नागपूर
नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

प्रभूच्या नावाने सलाम.

पावसाळा गेला, शेजारच्यांचा दिवाळीचा फराळ येऊन संपला, आणि तुला दोन ओळी काही लिहिल्या नाहीत. शिव्या तिथेच दे, ऐकून घेतल्या असं समज. आईची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच आहे. आता मुद्द्याचं बोलतो: आपल्या चर्चची पेटी दुरुस्त होऊन आली आणि बिघडली.

हे वाक्य इथे कोणापुढे म्हटलं की लोक हसतात. "दुरुस्त झाली ना? वाजते ना? मग?" म्हणून तुला लिहितोय. मास्तर असते तर त्यांच्याकडे गेलो असतो.

आधी ऑगस्टचं ऐक. भाता बसायला लागला होता. मास्तरांची चाचणी आठवते ना? सगळे स्टॉपर (सुरांकडे हवा सोडणारे समोरचे दट्टे) बंद, एकही पट्टी दाबायची नाही, भाता पूर्ण भरायचा, हात काढायचा आणि आकडे म्हणायचे. मार्चमध्ये तीसपर्यंत टिकायचा, ऑगस्टमध्ये अकराला खाली. स्टॉपर बंद असताना हवा जाते म्हणजे दोष भात्यात. स्टॉपर उघडल्यावरच जात असती तर पट्ट्यांखालचं चामडं बघावं लागलं असतं. इथवर मी बरोबर होतो. मग उदबत्ती घेऊन सांध्यासांध्यावर फिरवली (आपल्या घरात उदबत्ती कुठली, काकूंकडून दोन मागून आणल्या. त्यांना वाटलं मी परत त्यांच्या धर्मात यायला लागलो!). जिथे धूर सरळ वर न जाता बाजूला ढकलला जातो तिथे फट. डाव्या कोपऱ्यात घडीवर चामडं फाटलेलं होतं, आणि खाली उंदराचे दात.

कारण तुला माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर, हॉलमध्ये कूलर नेमका पेटीच्या अंगावर सोडलेला. दिवसभर ओली हवा, रात्री बंद हॉलची भट्टी. लाकूड फुगतं, आकसतं, चामडं कडक होऊन घडीवर तडकतं. "कूलरचं तोंड फिरवा" हे मी तीन उन्हाळे सांगतोय. पण त्या कोपऱ्यात कोणाची खुर्ची असते ते तू जाणतोस, आणि त्यांना कोण उठवणार?

तर कमिटीने पेटी एका कारागिराकडे दिली. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. भात्याचं काम त्याने फर्स्टक्लास केलं. मेंढीचं पातळ चामडं, गरम सरस. फेव्हिकॉल लावला नाही, म्हणजे पुढच्या माणसाला वाफ देऊन सांधा सोडवता येईल. आता मी सदतीसपर्यंत मोजतो. अडकणाऱ्या पट्ट्यांनाही त्याने तेल घातलं नाही. कडा बारीक पॉलिशपेपरने घासून शंखजिरं चोळलं. तेल घातलं की चार दिवस मजा, मग त्यात धूळ बसून पट्टी आणखी चिकटते, हे शहाणपण त्याला होतं.

पण मग त्याने सूर लावले.

पहिली चूक: जिभा (हवेने थरथरून सूर देणारी पितळी पाती) ब्रशने झाडायच्या आधीच घासल्या. पितळी जिभेच्या टोकावर धूळ बसली की टोक जड होतं आणि सूर उतरतो. त्या वेळी कोरडा ब्रश पुरे. याने उतरलेला सूर बघून टोक घासलं, म्हणजे सूर चढवला. आता धूळ झडतेय तसतसे ते सूर आणखी वर जाताहेत. तार सप्तकातली दोन घरं (सूर) तर शिट्टी मारतात.

दुसरी चूक मोठी, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर चूकही नाही. त्याने विचारलं, "गायन कोणत्या पट्टीत?" कमिटीतल्या कोणीतरी सांगितलं, "भजनं असतात, काळी एक." झालं! त्याने काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, षड्ज (सा) धरून पेटी गांधार ट्यूनिंगमध्ये लावली. शास्त्रीय गाणाऱ्यासाठी लावतात तशी. म्हणजे शुद्ध गांधार, धैवत, निषाद बारा ते सोळा सेंट उतरलेले, आणि कोमल चौघे रे, ग, ध, नि बारा ते अठरा सेंट चढलेले. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, त्यात एवढी हालचाल.

काळी एकवर भजन वाजव, डोळ्यांत पाणी येतं. खरं सांगतो. गेल्या रविवारी पहिल्या उपासनेला रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन घेतलं, आणि आत्या मागून म्हणाली, "आज पेटी बोलली रे." बोलणारच. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधी ते याच नागपुरात धनिक बुटींकडे कामाला होते. त्यांच्या चाली कीर्तनाच्या, ओवीच्या मातीतल्या. त्यांना तो उतरलेला गांधार शोभतो.

मग दुसरी उपासना. क्वायरचं गीत, विलायती चाल, तीन आवाजांत, पट्टी पांढरी चार. पहिला कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, दाबला आणि लंबूने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पेटीत मांजर कोंडलं.

हिशोब करून बघ. पांढरी चार म्हणजे काळी एकचा शुद्ध गांधार, चौदा सेंट खाली. त्या कॉर्डमधला ग म्हणजे पांढरी सहा, ती काळी एकचा कोमल धैवत, चौदा सेंट वर. दोघांतलं अंतर अठ्ठावीस सेंटने फाकलं. अर्ध्या स्वराच्या पाव हिश्शाहून जास्त! दुरुस्तीआधी आपल्या पेटीत बाराही घरं सारख्या अंतरावर होती. कुठलाच कॉर्ड पुरता गोड नव्हता, पण कुठलाच चावत नव्हता.

उपासना संपल्यावर कमिटीतल्या तरुण मंडळींनी विषय काढला: कीबोर्ड घेऊ, पेटी भंगारात नको पण "शोभेला" वेदीजवळ ठेवू. शोभेला! अबे, कुंडी आहे का ती?

कीबोर्डची बाजूही लिहितो, नाहीतर तू म्हणशील मी मास्तरांसारखा हट्टी झालो. ट्रान्सपोजचं बटण मोठी सोय आहे. पाळकसाहेबांचा घसा बसला की एक दाबून सगळं गीत खाली आणता येतं. उन्हाळ्यात सूर हलत नाही, उंदीर चामडं खात नाही. पण आपली मंडळी श्वास कुठे घेते? भाता वळतो तिथे. ओळ संपली की वाजवणारा हात सैल करतो, आवाज किंचित बसतो, आणि दीडशे माणसं त्या फटीत श्वास घेतात. कीबोर्डवर पोरं लगेच रिदम चालू करतात. तो कोणासाठी थांबत नाही. म्हातारे अर्ध्या ओळीने मागे, पोरं पुढे, आणि शेवटचं "आमेन" दोनदा होतं. वीज गेली तर विचारूच नको.

आकाशवाणीनेही १९४० साली पेटीला बाहेर काढलं होतं, बारा पक्की घरं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही म्हणून. १९७१ मध्ये दार किलकिलं केलं. आमची कमिटी एकतीस वर्षं थांबणार नाही. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी निर्णय आहे.

(मध्येच आठवलं म्हणून: पोह्यांची तर्री वरून ओतायची की बाजूला वाटीत, यावर तू मिरजेला जायच्या आदल्या रविवारी माझ्याशी भांडला होतास. मी अजून वरूनच ओततो. पोहे भिजतात हे खरं, पण भिजण्यासाठीच ते असतात. दुसऱ्या उपासनेनंतर आम्ही चौघंच उरलोय ठेल्यावर. तुझी प्लेट लंबू खातो.)

तर आता काय करायचं? तीन वाटा दिसतात.

एक, सगळं परत समान अंतरावर आणायचं. आपल्या पेटीच्या ४२ पट्ट्या, दोन ओळी, ८४ जिभा. बारांपैकी सात घरं हललीत, म्हणजे पन्नासेक जिभा. यातल्या उतरलेल्या तीन घरांचं सोपं आहे: जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, टोकाकडे दोन हलके हात, मग थांबायचं. बोटाच्या उबेने पितळ तापून सूर खाली वाटतो, घाई केली की गार झाल्यावर चढलेला सापडतो. भीती आहे ती कोमल चौघांची. ते उतरवायचे म्हणजे जीभ मुळाशी, रिव्हेटजवळ घासायची. तिथेच तर ती वाकते. एकदा पातळ केली की वर्ष-दोन वर्षांत तडा जातो, आणि बहुतेक नेमका नाताळच्या आदल्या रात्री. अशा अठ्ठावीसेक जिभा. माझा हात तेवढा सफाईदार नाही, तुझा आहे.

दोन, घासायच्याऐवजी त्या अठ्ठावीस नव्याच घालायच्या. तिथे मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीत पेटीवाले असतीलच. गुजरातेतल्या पालिताण्याच्या मिळतात का बघ. जुन्या जिभांशी आवाज जुळला पाहिजे, नाहीतर एक घर खर्जातून बोलेल आणि शेजारचं नाकातून.

तीन, पेटीला हात लावायचा नाही, गाणं हलवायचं. हे आज सरावाला करून बघितलं. या पेटीत काळी एक, काळी तीन आणि काळी चार या तिन्हींवर मुख्य कॉर्ड गोड लागतो. पांढरी चारचं गीत अर्धा स्वर वर काळी तीनला नेलं. बायकांना जड गेलं नाही, पुरुषांनी कुरकुर केली, पण ती ते पांढरी चारलाही करायचे. फक्त तिथला मध्यम, पांढरी सात, वीस सेंट चढा पडतो. तो कॉर्ड आला की डावा हात उचलायचा आणि आवाजांवर सोडायचं. आठपैकी सहा ओळी छान गेल्या. उरलेल्या दोनांत मी पांढऱ्या पट्टीच्या सवयीने घसरलो. काळ्या पट्ट्यांवर पाचही बोटं ठेवून कॉर्ड बदलायचे म्हणजे माझ्यासारख्याला कवायत आहे. शिवाय नाताळची निम्मी गीतं पांढरी एक आणि पांढरी पाचला आहेत. सगळीच हलवली तर क्वायर पळून जाईल.

आणि खरी अडचण अजून लिहिलीच नाही. आत्या आणि पहिल्या उपासनेची मंडळी खूश आहेत. त्यांना ही पेटी अशीच हवी. मी ती परत पूर्वीसारखी केली की भजनाचा तो गांधार गेला. तसाच ठेवला की क्वायर कीबोर्डला हात वर करणार. पेटी एक, उपासना दोन. मास्तर म्हणायचे, "दोन्हीकडे थोडं बेसूर राहावं, म्हणजे भांडण नाही." तेव्हा आपण दोघं हसलो होतो. कालपासून तेच वाक्य डोक्यात आहे, आणि मी अजून ठरवलेलं नाही, कारण आत्याच्या तोंडावर "आता पेटी गप्प करतो" हे मला म्हणवत नाही. तू म्हणशील का? तुझं ती ऐकते.

बरं, तुझं सांग. बदलीचं काय झालं? धाकटी यंदा दहावीला ना? वहिनींच्या रात्रपाळ्या कमी झाल्या असतील अशी आशा करतो. घराचं काम पूर्ण झालं असेल तर फोटो पाठव.

आता कामाचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस काढ. महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेहून थेट नागपूरला येते, गाडी बदलायची भानगड नाही. आमच्याकडे झोपायचं, दिवसा पेटी उघडायची. कॅरलच्या फेऱ्या तोवर सुरू झालेल्या असतील. त्याआधी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी, कमिटीला दोन ओळींचं पत्र टाक की नाताळपर्यंत पेटीचा निर्णय थांबवा. तुझ्या अक्षरात आलं तर थांबतील.

जिभा घेतल्यास तर प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळ, वर घराचं नाव लिही, आणि सगळ्या कडक डब्यात घाल. पिशवीत तळाशी टाकू नकोस. एक वाकली की ती गेलीच.

तुझा,
बाळ्या

ता. क. वहिनींना सांग, केकसाठी सालीची कृती आत्याने दिली ती अशी. अंबिया बहराची संत्री हातगाड्यांवर आली आहेत. पाव किलो साल, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढायचा, बारीक कापायची. पाण्यात पाच मिनिटं उकळून पाणी फेकायचं, असं दोनदा. आपल्या संत्र्याची साल पातळ असते, तिसऱ्यांदा उकळली की लगदा होतो. मग पाव किलो साखर आणि बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर, साल काचेसारखी दिसेपर्यंत. ताटात पसरून एक दिवस वाळवायची. उन्हात नको, मुंग्या लागतात. येताना तुझ्याकडून रिकामा डबा आण, भरून देतो.