दोनशे रुपयांचं फूल

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज गुरुवारीच पाहिला. "चिरंजीवांना बॅडमिंटनला घालतोय, महिन्याला साधारण किती पडतात?" उत्तर लिहायला घेतलं नि तीनदा पुसलं. शेवटी सईच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून बसलोय. अक्षर लावून घे.

फी आधी सांगतो, ती सांगायला सोपी. आमच्या इथल्या अकादमीत महिन्याला 4,500. भरायची तीन महिन्यांची एकदम, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दर तिमाहीला 15,930. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने खेळ शिकवला तर हा कर लागत नाही, खासगी अकादमीला लागतो. तुमच्याकडे घराजवळ तशी एखादी संस्था असेल तर आधी तिथे चौकशी कर. गंमत बघ, इंग्रज इथल्या छावणीत हा खेळ खेळायचे तेव्हा त्याला 'पूना'च म्हणायचे. पुण्याचं नाव लावून विलायतेला गेला आणि परत आला तो पावतीपुस्तक घेऊन.

आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी घालणार असशील तर घालू नकोस. त्यापेक्षा चित्रकलेची इंटरमिजिएट दे म्हणावं पोराला. 'अ' श्रेणीला 7 गुण मिळतात, खर्च कागद आणि रंगांचा.

फी कळते तरी. बाकीचं हळूहळू कळतं. बूट नॉन-मार्किंगच, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारे, लागतात, साधे घातले तर कोर्टवर उतरू देत नाहीत, आणि पोरांचे पाय आठ महिन्यांत बुटाबाहेर येतात. रॅकेट एकदाच घेतली, पण गटिंग, म्हणजे तिच्या जाळीच्या तारा, सारखं तुटतं. स्पर्धेची प्रवेश फी वेगळी. एकदा बालेवाडीला सकाळी सातला हजेरी होती. सामना लागला दीड वाजता, संपला पावणेदोनला. सई हरली. येताना दोघांनी मुकाट्याने वडापाव खाल्ला.

पण माझं खरं दुखणं फुलाचं आहे. शटल रे, आपण 'फूल' म्हणायचो ते. हे पिसांचं असतं. बदकाची नाहीतर हंसाची सोळा पिसं, तीही सगळी एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर उडताना नीट फिरत नाही. वजन जेमतेम पाच ग्रॅम. नळकांड्यात बारा येतात. पहिलं घेतलं तेव्हा तेराशेला मिळालं होतं. आता त्याच दुकानात पंचवीसशेच्या वर मागतात. दुकानदार म्हणतो, पिसं चीनहून येतात, तिकडेच महागली. म्हणजे एक फूल दोनशेला. रॅकेटची कड लागून एक पीस मोडलं की डुगडुगायला लागतं. सरावाची फुलं अकादमी देते, आपसातल्या सामन्यांना मात्र मुलांनी आपापली आणायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी गॅलरीत बसलो होतो. सईने अर्ध्या तासात तीन फुलं फोडली. घरी येताना स्कूटरवर माझ्या तोंडून निघून गेलं, "सहाशे रुपये झाले बरं का आज." चेष्टेतच म्हणालो. निदान मला तसं वाटलं.

दोन आठवड्यांनी सरांचा फोन. "सई हल्ली स्मॅश मारत नाही. खांदा दुखतोय का?" खांदा ठणठणीत होता. विचारलं तर आधी काहीच बोलेना. मग म्हणाली, "ड्रॉप टाकला की फूल टिकतं ना, बाबा." अकरा वर्षांची पोर, बंड्या. समोर हातभर उंच आलेलं फूल, आणि ही ते वरून सणसणीत स्मॅश मारायचं सोडून अलगद जाळीपाशी ठेवतेय. का, तर माझे दोनशे वाचावेत म्हणून.

त्या रात्री मला आपल्या वाड्यामागची भिंत आठवली. भिंतीपलीकडे चेंडू मारला की आऊट! क्रिकेटच्या कुठल्या पुस्तकात होतं रे ते? वर्गणीचा चेंडू होता, गेला तर पुन्हा पैसे कोण काढणार, म्हणून तो नियम. तुझा तो सणसणीत फटका तिथेच मेला. नंतर शाळेच्या मोठ्या मैदानावर गेलो तरी तू चेंडू खालूनच मारायचास.

मेहुण्याला हे सांगितलं तर त्याने खाशाबा जाधव काढले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर तुमच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले, वगैरे. मला ठाऊक आहे ते. पण खाशाबा ऑलिंपिकला निघाले होते, आमची सई अजून दुसऱ्या फेरीला निघालेली नाही. आणि घर तारण ठेवलेलंच आहे, बँकेकडे, ते घेताना.

मग मी काय केलं? शनिवारी एक आख्खं नळकांडं तिच्या हातात दिलं, म्हटलं, फोड सगळी. फोडली तिने चार. पण प्रत्येक वेळी पीस मोडल्याचा आवाज आला की ती समोरच्या मुलीकडे बघत नव्हती, वर गॅलरीत माझ्याकडे बघत होती. आता मी खाली चहाच्या टपरीवर थांबतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सगळं धरून महिन्याला आठ-नऊ हजार धर, स्पर्धांच्या महिन्यात जास्त. आणि हिशेब ठेवायचा तर वहिनींपाशी ठेव, पोराच्या देखत नको. सईची जुनी रॅकेट पडून आहे, मूठ बारीक आहे, तुझ्या चिरंजीवांना बसेल. पुढच्या आठवड्यात आत्या कोल्हापूरला येतेय, तिच्याबरोबर पाठवतो. गटिंग नवीन करून घेतलंय, त्याचे पैसे विचारू नकोस.

तुझा,
सुध्या