महाग तिकीट आणि ऐकणारा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

ज्याला परवडते त्याने मैफलीचे महाग तिकीट काढले तर इतरांचे काय बिघडते, असे तू विचारले आहेस. माझ्या मते बिघडते ते गाण्याचे.

२०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेले कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम घे. तिकिटे २,५०० ते ३५,००० रुपयांची होती आणि काळ्या बाजारात तर लाखांची भाषा चालली होती. एवढे पैसे मोजणारा माणूस आवडीची गाणी ऐकायलाच जाणार. न ऐकलेले काही कानावर पडावे, ही हौस त्या दरात कुणाला परवडेल?

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, सोफा आणि खुर्चीखेरीज भारतीय बैठकही असते व तिचे तिकीट सर्वांत स्वस्त असते. तिथला श्रोता डबा घेऊन दुपारीच येऊन बसतो आणि नाव न ऐकलेला तरुण गायक मंचावर आला तरी उठत नाही, कारण उठला तर जागा जाते. लोभ जागेचा असतो खरा, पण त्यापायी एखाद्या नवख्याचा मुलतानी राग मन लावून ऐकला जातो. सोफ्यावरची मंडळी मात्र पुष्कळदा मोठ्या नावाच्या वेळेलाच उगवतात. समोरच्या रांगा रिकाम्या दिसल्या की गाणाऱ्याचाही धीर सुटतो. संथ लयीतला विलंबित ख्याल आवरता घेऊन तो अभंगाकडे वळतो.

सोफ्यावर माझा राग नाही. मंडप, ध्वनिव्यवस्था, कलाकारांचे मानधन हा खर्च कुणीतरी उचलायला हवाच, आणि बैठक स्वस्त राहते ती बऱ्याच अंशी त्या पैशांवर. प्रश्न जागेचा आहे. लंडनमध्ये १८९५ पासून चालत आलेल्या प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफलींत स्वस्त तिकीट काढून उभ्याने ऐकणारे लोक रॉयल अल्बर्ट हॉलच्या मंचासमोरच असतात आणि महागड्या जागा त्यांच्याभोवती असतात. वादकांना आधी दिसतात ते हे उभे श्रोते. आपल्याकडे मात्र जवळ बसण्याचेच पैसे पडतात.

आमच्या गावच्या संगीत मंडळाला मी लेखी सुचवणार आहे की, मंचापुढची जागा सतरंज्या अंथरून संगीत शिकणाऱ्या मुलांना नाममात्र दरात द्यावी आणि देणगीदारांच्या खुर्च्या तिच्यामागे मांडाव्यात. देणगीदार रुसतील, अशी खजिनदारांना धास्ती आहे. तू अशी मंडळे जवळून पाहिली आहेस, तेव्हा खजिनदारांची समजूत कशी घालावी ते सविस्तर कळव.

तुझा मित्र