जर्नल उतरवून जावा येत नाही

संपादक महोदय,

माझी पुतणी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रडवेली होऊन आली. जर्नलातला, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीतला, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम दोन शब्द दुहेरी बरोबरच्या चिन्हानं (==) ताडून पाहतो, उत्तर 'ट्रू' येतं. तिनं तोच शब्द कीबोर्डवरून घेतला, तर 'फॉल्स'! मॅडमना विचारलं, तर 'जर्नलात आहे तसंच लिही' एवढंच उत्तर.

मी वीस वर्षं जावावर पोट भरलं. तिला कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. ते चिन्ह फक्त एवढंच पाहतं, की दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का. प्रोग्राममध्येच लिहिलेला सारखा शब्द जावा एकदाच साठवते, म्हणून तिथं जमून जातं; कीबोर्डवरून आलेला शब्द मात्र वेगळी वस्तू होते. अक्षरं जुळतात का हे पाहायला 'इक्वल्स' हवं. दहा मिनिटांत पोरीचा चेहरा खुलला. मग आईची महिन्याभराची भाजीची यादी हॅशमॅपमध्ये, म्हणजे प्रत्येक नावापुढे आकडा ठेवणाऱ्या जावाच्या तक्त्यात, घालून कुठली भाजी किती वेळा आली, ते तिनं स्वतः मोजलं. मेथी नऊ वेळा!

जर्नलात मात्र अजून याद्या आणि तक्ते ठेवायचे जुने प्रकार, व्हेक्टर आणि हॅशटेबलच. त्यांच्या जागी वापरायचे अ‍ॅरेलिस्ट, हॅशमॅप १९९८ पासून जावात आहेत. ही मुलं त्यानंतर जन्मली.

पानंच्या पानं हातानं उतरवून घेण्यापेक्षा मुलांना प्रोग्राम मुद्दाम मोडू द्या, तो का चुकला ते त्यांच्या तोंडून ऐका. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण त्यासाठी ठेवावेत, ही अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्रोग्रामर, सांगली